पिवळ्या बोंडाचा वाद

अक्का, आधी युनूसभाईंचं नाव घेते. तुमच्यावर लिहायला बसले आणि पहिलं नाव रिक्षावाल्याचं, याचा राग येत असेल तर येऊ द्या. तुमच्या पिवळ्या बोंडाच्या निवडुंगाची दोन पानं आज शाबूत आहेत ती त्यांच्यामुळं. मेहरूणच्या तलावाकडं त्यांचं घर आहे, तिथं ओट्यावरच्या सावलीत, एका तरटावर ती पडून आहेत. बाकीची तुमची गच्ची गेली. सगळी गेली. कशी गेली ते सांगते, पण मधे तोडू नका. इतकी वर्षं माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाहीत, आता तरी होऊ द्या.

तुम्ही धुळ्याच्या दवाखान्यात डोळे मिटलेत आणि इथं गल्लीला तुमच्याबद्दल प्रेमाचे उमाळे यायला लागले. ज्या बायका लेकरांना 'त्या काटेवाल्या बाईच्या गच्चीवर जाऊ नको, डोळा फुटेल' म्हणून भीती घालायच्या, त्याच आता सांगतात की अक्कांचा झाडांवर फार जीव. अक्का म्हणजे निसर्गाचं लेकरू. तुम्ही ऐकलं असतंत तर पायातली चप्पल चाचपली असतीत. गुलाबाला तुम्ही 'रडकं' म्हणायचात, मोगऱ्याला 'लाडावलेलं', आणि समोरच्या पाटीलकाकूंच्या मनीप्लँटला तर शिवी देण्याच्याही लायकीचं समजत नव्हतात. गच्चीवर पानाफुलाचं झाड एकच, तुळस. तिलाही पाणी घालताना तुमचा चेहरा उपकार केल्यासारखा.

या माणसांचा मला तिरस्कार वाटतो असं लिहिणार होते, पण शब्द फार मोठा वाटला. आठवीतून शाळा सोडलेली बाई मी, मोठा शब्द लिहिताना हात अडखळतो. मग म्हटलं, कीव येते असं लिहू. पण कीवही येत नाही. तेव्हा तिरस्कारच राहू दे.

आम्ही वेंगुर्ल्याकडून इथं आलो तेव्हा जळगावात खोली शोधताना प्रत्येक दारात पहिला प्रश्न असायचा, मासे खाता का. ह्यांना पाइपच्या कारखान्यात काम लागलेलं, कडेवर लहान पोर, आणि खोटं बोलले तर पुढं उघडं पडेल या धास्तीनं मी आधीच 'हो, खातो' सांगून टाकायची. दारं बंद व्हायची. तुमच्या दारातही तेच सांगितलं. तुम्ही विटेचे तुकडे फोडत बसला होतात. वर न बघता म्हणालात, "खाय ना मंग. मन्हा निवडुंगले काय नाक शे?" त्या एका बोलण्यावर आमचा संसार तुमच्या वरच्या खोलीत लागला. दुसऱ्या दिवशी आभार मानायला खाली आले, तर म्हणालात आभार राहू दे, वाळू चाळ.

मग चाळतच राहिले. गिरणा नदीची जाड वाळू युनूसभाई त्यांच्या रिक्षातून पोत्यानं आणून द्यायचे आणि प्रत्येक वेळी विचारायचे, अक्का, ह्या काट्यांना खायला तरी काय घालता. तुम्ही म्हणायचात, माणसांची बोलणी. विटेचा चुरा, वाळू, चुलीतले विझलेले कोळसे, आणि माती नावापुरती. काळी माती तर तुमच्या गच्चीवर पाहुणी म्हणूनसुद्धा चालायची नाही, पाणी धरून बसते म्हणून. कुंड्या कधी विकत घेतल्या नाहीत. फुटक्या कुलरची टाकी, रंगाच्या बादल्या, आणि कुणीतरी रस्त्यावर टाकून दिलेला कमोड, ज्यात तुम्ही सगळ्यात देखणा गोल निवडुंग लावलात आणि तो बरोबर पाटीलकाकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ठेवलात.

तुमचे प्रयोग मी पोटावर सोसले आहेत, अक्का. ते कुणी श्रद्धांजलीत सांगत नाही. कोवळ्या पानांची भाजी केलीत, तिच्यापुढं भेंडीनं मान खाली घातली असती इतकी ती बुळबुळीत होती, आणि तुम्ही ठेच्याबरोबर भाकरी मोडून खात 'कुठं बुळबुळीत शे' म्हणून मलाच वेड्यात काढलंत. ड्रॅगन फ्रूट सिमेंटच्या खांबावर चढवलंत, फळ आलं, एक फोड खाल्लीत, आणि 'रंगाचं पाणी' म्हणून बाकीचं माझ्या पुढ्यात सरकवलंत. मला ते आवडलं होतं. तसं सांगितल्यावर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की पुढं कितीतरी महिने, मला काय आवडतं हे मी आधी तुमच्या तोंडाकडं बघून ठरवत होते.

लाल बोंडांचं सरबत मात्र तुमचं लाडकं. बोंडं तरटावर कडुनिंबाच्या फांदीनं लोळवायची, मग ज्वारीच्या घट्ट पिठाचा गोळा त्यांच्यावरून फिरवायचा म्हणजे राहिलेली बारीक कुसळं पिठाला लागून निघतात, मग साल काढायची, गर गाळायचा. दुपारभर खपून भांडंभर. रंग असा की जास्वंदीनं लाजावं. आणि चव? मी कोकणातली, कोकमाच्या आगळावर वाढलेली. मी भीतभीत म्हटलं, अक्का, हे बीट धुतलेलं पाणी लागतंय. तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी बोललात ते फक्त एवढंच सांगायला, की ही बोंडं लाल आहेत म्हणून, पिवळ्याची गोष्ट वेगळी.

पिवळ्याची गोष्ट. किती वेळा ऐकली मी ती. धुळ्याच्या पुढं तुमचं माहेर, तिथं शेताच्या बांधावर फड्या निवडुंगाचं कुंपण, आणि त्यात एकच झुडूप पिवळ्या बोंडांचं. लहानपणी तुम्ही ती बोंडं ओढणीत बांधून आणायचात आणि ओठांत कुसळं घेऊन झोपायचात. पुढं रस्ता रुंद झाला, कुंपण गेलं. जायच्या आधी तुम्ही त्या झुडपाचं एक पान पिशवीत घालून बसनं जळगावला आणलंत. ते तुम्ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावलंत. ते वाढलं, पानावर पान चढलं, पण बोंड काही धरेना. तुम्ही त्याला खत दिलं नाहीत, गोंजारलं नाहीत, फक्त जाता-येता टोमणे मारायचात. आणि मला सांगायचात, असं गोड फळ तुझ्या कोकणात तर सोडच, साऱ्या जगात नाही.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, अक्का, गोड बोंड नसेल. माहेर गोड असेल. प्रत्येक बाईला असंच वाटतं.

तुम्ही खुरपं खाली ठेवलंत. "मंग तुन्हं कोकम बी तेच शे. फळ नई, नुसतं माहेर."

मला वर्मी लागलं. वेंगुर्लं सोडून इतक्या लांब, या भट्टीसारख्या उन्हात मी कोकमाच्या एका बाटलीवर वर्ष काढते, आणि ही बाई म्हणते फळच नाही. त्या दिवसापासून आपला वाद लागला तो लागलाच. पिवळं बोंड धरलं की मी खायचं, आणि खरं खरं सांगायचं. तुम्ही म्हणालात, तू खोटं बोलूच शकत नाहीस, तेवढी तुझी लायकी नाही. तुमच्याकडून मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. मी ती जपून ठेवली आहे.

यंदा त्याला कळ्या आल्या. आणि यंदाच तुम्हाला धाप लागायला लागली. तुमचे पुतणे शरददादा गाडी घेऊन आले आणि तुम्हाला धुळ्याला घेऊन गेले. मी पोराला ह्यांच्याकडं सोडून मागनं बसनं आले. पारोळ्याला बस थांबली तेव्हा माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं, म्हणून खिडकीतून नुसती निंबाची झाडं बघत बसले. तुम्ही मला बघून काय म्हणालात? इथं कशाला उनी, तिकडं कोण शे. गच्चीची काळजी. मी सांगितलं कुलूप लावलंय. तुमची किल्ली तुमच्याच उशीखाली होती.

मग रोज तेच विचारायचात, गच्चीवर पानी कोन टाकस. कुणीच नाही, मी सांगायची. तेव्हा तुमचा चेहरा निवायचा. साऱ्या वॉर्डात माणसं पाणी मागत होती आणि तुम्ही तिकडं पाणी पडत नाही म्हणून समाधानात होतात. शेवटचं नीट बोललात ते मी फोनवरचा फोटो दाखवला तेव्हा. डोळ्यांना दिसत नव्हतं. "कळ्या कितल्या शेतस?" मी मोजून सांगितल्या. तुम्ही म्हणालात, बठ्ठ्या राहणार नाहीत, निम्म्या गळतील. मग डोळे मिटून पडलात. दुसऱ्या दिवशी मी चहा आणायला खाली गेले तेवढ्यात तुम्ही गेलात. मला निरोप द्यायचा तुम्हाला कंटाळाच आला असणार.

आता पुढचं ऐका. मी तुम्हाला खोटं सांगत नव्हते, मला जे माहीत होतं ते सांगत होते. दुसरी किल्ली शरददादांकडं होती. तुमची लुगडी न्यायला ते मधे एकदा इथं आले, तेव्हा पाटीलकाकूंनी ती मागून घेतली. का, तर बिचाऱ्या झाडांना उन्हात पाणी कोण देणार. उन्हाळ्यात या गावात पाण्याला नाही म्हणणं म्हणजे पाप. पाखरांना परळ, गाईला टाकी, वाटसराला माठ. तसं मग निवडुंगाला का नाही? अख्ख्या गल्लीनं वार वाटून घेतले आणि तुमच्या गच्चीवर पाणपोई घातली, अक्का. ह्यांनी पाहिलं, पण झाडांना पाणी घालतात यात मला फोनवर सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटलं. नुसत्या पाण्यानं पुण्य पुरेसं झालं नाही म्हणून कुणी तांदळाचं धुवण ओतलं, कुणी ताक. कुणीतरी उभ्या निवडुंगाला ऊन लागू नये म्हणून ओली पोती गुंडाळली. पंचेचाळीस डिग्रीत, ओल्या वाळूत, तुमची झाडं मुळापासून शिजली.

तुम्हाला पोचवून मी धुळ्याहून परत आले आणि गच्चीचं दार उघडलं तेव्हा वासानं मागं सरले. उभा निवडुंग पोत्यातल्या पोत्यात बसला होता. कमोडातल्या गोल निवडुंगाला बोट लावलं तर बोट आत गेलं. पाटीलकाकू मागनं आल्या आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, बघ गं, मुक्या झाडांनासुद्धा कळतं. मालकीण गेली आणि त्यांनी जीव सोडला. तुम्ही असतात तर जे बोलला असतात ते मला लिहायला येतं, पण लिहीत नाही.

पिवळ्याचंही बूड काळं पडलं होतं. पण वरची पानं टणक होती, कळ्यासुद्धा होत्या. टाकीच्या आडोशामुळं पुण्य जरा कमी पोचलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शरददादा ट्रॅक्टर घेऊन हजर. दुखवटा संपवायच्या गंधमुक्तीला पाहुणे याच घरात येणार, त्याआधी गच्ची साफ हवी. वाईट माणूस नाही तो, अक्का, तुमच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस पळत होता. पण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की काटेरी झाडांनीच घरातलं माणूस ओढून नेलं. दोन गडी बादल्या उचलून खाली फेकायला लागले. मी म्हटलं, दादा, टाकीजवळचं एक राहू द्या, माझ्या खोलीबाहेर ठेवते. ते म्हणाले, वहिनी, या घरात आता एक काटा राहणार नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा ते थांबले आणि आवाज न चढवता बोलले.

"तुम्हाला खोली हवी का काटे? एक काय ते ठरवा."

पोराची शाळा, ह्यांचं काम, आणि पुन्हा दारोदार मासे खाता का. मी आत गेले, विळी घेऊन आले, आणि ते बघत असतानाच कापायला बसले. तुम्ही शिकवलं तसं. पान कापायचं, आतलं बघायचं. काप हिरवा-पांढरा स्वच्छ असेल तर ठीक, तांबूस कडं दिसलं तर अजून वरचं कापायचं. पहिलं पान तांबूस. त्यावरचं तांबूस. शरददादा म्हणत होते, वहिनी, कशाला, मेलंय ते. कापत कापत शेंड्याला आले तेव्हा दोन पानं स्वच्छ निघाली. त्यांच्यावरच तेवढ्या कळ्या राहिल्या होत्या. त्या ठेवल्या असत्या तर पानांनी आपल्या अंगातलं सगळं पाणी त्यांनाच पाजलं असतं आणि मूळ धरायला काही उरलं नसतं. मी त्या खुडल्या. ज्यांची संख्या तुम्ही शेवटी विचारलीत, त्या मी एकेक करून खुडल्या, अक्का.

आणि मग दोन पानं मांडीवर घेऊन बसले. कारण ठेवायची कुठं?

युनूसभाई केव्हा वर आले कळलं नाही. ट्रॅक्टरनं गल्ली अडवली म्हणून त्यांची रिक्षा अडकली होती, तेवढ्यासाठी आले असतील. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं असावं. पुढं येऊन म्हणाले, "माझ्याकडं द्या ताई. आमचं घर आधीच पत्र्याचं, त्याची काय वास्तू बिघडणार?"

शरददादांना हसू आलं. युनूसभाईंनी ती पानं उघड्या हातांनी उचलली, छातीशी धरून जिना उतरले, आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर सवारी बसवावी तशी बसवून घेऊन गेले. त्यांच्या हातांत, कोपरापर्यंत, सदऱ्यातून छातीवर कुसळं. त्यांच्या बायकोनं, शबानाभाभीनं, मला फोनवर ज्या शब्दांत झापलं ते तुमच्या तोडीचं होतं. मी ज्वारीच्या पिठाचा गोळा फिरवायला सांगितला. त्या म्हणाल्या, पीठ खायला असतं. पण फिरवला. तरी आठवडाभर भाईंना हँडल धरवत नव्हतं. ते कुणाला सांगत नाहीत. मला भाभीकडून कळलं.

गंधमुक्ती झाली. ते तर सांगितलंच पाहिजे. तुमचा फोटो, हार, आणि गच्चीवर बागा करणाऱ्यांचा इथं एक ग्रुप आहे, ज्याला तुम्ही कुंडीवाले म्हणून हिणवायचात, त्यातले लोक आले. त्यांनी भाषण केलं. काट्यांतही माया असते वगैरे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की फोटोपुढं एखादा निवडुंग हवा. ज्या घरात एक काटा राहणार नव्हता त्या घरात शरददादांनी नर्सरीतून एक मागवला. तळहातात मावेल एवढा, आणि डोक्यावर गुलाबी फूल. कागदाचं, गोंदानं चिकटवलेलं. तसलंच, जे तुम्ही एकदा हातगाडीवाल्याच्या निवडुंगावरून उपटून त्याच्याच कपाळावर चिकटवलं होतंत आणि गल्ली गोळा केली होतीत. ते तुमच्या फोटोपुढं, अक्का. उदबत्तीच्या शेजारी. आणि लोक वाकून म्हणत होते, किती सुंदर फूल आलंय.

मग पाटीलकाकूंनी त्याला तांब्याभर पाणी घातलं.

मी तोंडाला पदर लावून जिन्यात येऊन बसले. सगळ्यांना वाटलं मी रडतेय. हसत होते. मग खरंच रडायला लागले, कारण हे सांगायला खाली जावं तर तुम्ही नाही. ह्या सगळ्यांना नावं ठेवायला मला आता एकटीनं पुरे पडावं लागणार, आणि तुमच्यासारखं मला जमत नाही. मला भीती वाटते. शरददादा खोलीचं काय करतील याची भीती, त्या पानांना मूळ फुटलं नाही तर याची भीती. तुम्ही होतात तेव्हा भीतीसुद्धा तुम्हाला वचकून असायची.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही खवट होतात, हट्टी होतात, आणि निम्म्या गोष्टींत चूक होतात. ड्रॅगन फ्रूट चांगलं लागतं. पण घरापासून इतक्या लांब मला कुणीतरी रोज भांडायला मिळालं, म्हणून मी इथं टिकले. हे तुम्हाला कळलं होतं का, ते विचारायचा धीर झाला नाही. विचारलं असतं तर म्हणाला असतात, वाळू चाळ.

काल मेहरूणला जाऊन आले. काप कोरडे झालेत, वर कातड्यासारखी खपली आलीय. आणखी थोडे दिवस वाळू देऊ, मग वाळूत टेकवू, आणि पाणी नाही. भाभीच्या घरातल्या सगळ्यांना बजावून आले आहे. मूळ धरलं तर पिवळं बोंड यायला वर्षं जातील. तोवर वाद चालू. बोंड आलं की मी खाईन आणि जे आहे ते सांगेन. बीट धुतलेलं पाणी लागलं तर तसंच सांगेन, मुलाहिजा ठेवणार नाही.

निघताना युनूसभाईंना म्हटलं, तुमचं हे कसं फेडू. ते रिक्षा पुसत होते. म्हणाले, फेडायचं काय त्यात. मग अंगठा चोळत विचारलं, ताई, तुमच्या गावच्या समुद्राचा पलीकडचा काठ खरंच दिसत नाही का. मी म्हटलं नाही दिसत. ते म्हणाले, तापीला पूर आला तेव्हा मला वाटलं होतं समुद्र असाच असेल. भाभी आतून म्हणाल्या, यांना पाण्याचं फार वेड आहे.

तुम्हाला मी किती वेळा बोलावलं, एकदा वेंगुर्ल्याला चला. पाण्याच्या मुलखात माझं काय काम, म्हणायचात. ते राहून गेलं. आता आमची परिस्थिती बेताची आहे, सुट्ट्या मिळत नाहीत, माहेरचं घरही दुरुस्तीला आलंय. पण कधी ना कधी मी युनूसभाईंना आणि भाभीला गाडीत बसवून घेऊन जाणार आहे. आईला सांगून ठेवलंय, एक मेहूण येईल, मोठं पातेलं काढून ठेव. त्यांना संध्याकाळी किनाऱ्यावर उभं करीन आणि पलीकडची बाजू शोधत राहू देईन, हवा तेवढा वेळ.